आधी फक्की, मग ड्रोन

कबड्डीच्या मैदानावर रेषा ओढायला जी चुन्याची फक्की वापरतात, तीच गावठाणाच्या ड्रोन मोजणीतही लागते. उड्डाणाच्या आधी भूमी अभिलेख खात्याची माणसं, ग्रामसेवक आणि घरमालक गल्लीबोळातून फिरतात. आपलं घर कुठे संपतं आणि शेजाऱ्याचं कुठे सुरू होतं, ते घरमालक बोटाने दाखवतो, शेजारी मान डोलावतो किंवा भांडतो, आणि मग त्या जागी फक्की पडते. हे सगळं उरकलं की ड्रोन वर जातो. कॅमेरा कितीही महागाचा असला तरी त्याला हद्द दिसत नाही. त्याला पत्रे, कौलं, झाडं, गोठा आणि उकिरडा दिसतो. हद्द दिसावी म्हणून खालच्या माणसांनी ती आधी पांढऱ्या रेघेने काढून ठेवावी लागते.

मराठीत ‘चुना लावणे’ याचा अर्थ वेगळा आहे, आणि मोजणीच्या दिवशी पारावर बसलेली म्हातारी मंडळी तो विनोद केल्याशिवाय राहत नसणार. पण या मोजणीत चुना लावला जातो तो फसवणूक टळावी म्हणून. गेल्या दहा-पंधरा वर्षांत कॅमेरे, संवेदक आणि त्यांच्यामागची इलेक्ट्रॉनिक्स इतकी स्वस्त आणि तीक्ष्ण झाली आहे की सरकारपासून टोलनाक्यापर्यंत प्रत्येकाच्या हातात एक डोळा आला आहे. या डोळ्यांच्या तीक्ष्णतेबद्दल भरपूर लिहिलं जातं. फक्कीबद्दल कोणी लिहीत नाही.

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं, कात्रजचा बोगदा आणि खेड शिवापूरचा टोलनाका मागे टाकला की भोर तालुक्यातलं वरवे बुद्रुक लागतं. शेजारी वरवे खुर्द. ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ हे दोन्ही शब्द फारसीतून आले, एक थोरला आणि एक धाकटा. महसुलाच्या वहीत गावांची अशी जोडी लावणाऱ्यांना दोन वरव्यांमध्ये गल्लत नको होती, एवढंच. पुढे चेलाडी फाट्यावरून रस्ता नसरापूरकडे आणि तिथून वेल्ह्याकडे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याकडे वळतो. या पट्ट्यातला माणूस रोज किती यंत्रांच्या नजरेखालून जातो, ते मोजायला बसलं तर यादी लांबेल. टोलनाक्यावर फास्टॅग वाचणारी यंत्रं, महामार्गावरचे वेग पकडणारे कॅमेरे, शेतात पीक पाहणीचा मोबाइल, डोक्यावरून जाणारे उपग्रह, आणि गावठाणावर कधीतरी येणारा ड्रोन. या सगळ्यांची तपासणी एकाच प्रश्नाने करता येते: नोंद होण्याआधी फक्की कोणी मारली, आणि नोंद चुकली तर हरकत कोणाकडे घ्यायची?

गावठाण इतकी वर्षं मोजलंच का गेलं नव्हतं, याचं उत्तर पुणे जिल्ह्यातच आहे. इंग्रजांनी मुंबई इलाख्यातली शास्त्रशुद्ध जमीन पाहणी 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून सुरू केली. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांच्या नावाने ती पद्धत ओळखली जाते. त्याआधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याची पाहणी सपशेल फसली होती. नव्या पद्धतीत मोजणीची साखळी 33 फुटांची, तिचे सोळा आणे. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. आजही भोरच्या कोपऱ्यावर प्लॉटचा भाव विचारला की उत्तर गुंठ्यात येतं, म्हणजे त्या साखळीतच येतं. पण साखळी फिरली ती शेतांवरून. शेतसारा शेताला होता, घराच्या जागेला नव्हता. सरकारला जिथून उत्पन्न नाही तिथे ते मोजायला गेलं नाही. पुढे मोठ्या गावांच्या गावठाणांचे नकाशे झाले, लहान गावं राहिली. तिथे घरमालकाकडे ग्रामपंचायतीचा नमुना आठ आणि घरपट्टीची पावती. पण ती कर भरल्याची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. बँकेत तारण ठेवायला गेलं की हा फरक कळतो.

ही पोकळी भरण्याचा देशातला पहिला मोठा प्रयोगही पुणे जिल्ह्यातच झाला. पुरंदर तालुक्यात, मल्हारगडाच्या पायथ्याला असलेल्या सोनोरी गावात भूमी अभिलेख खातं, ग्रामविकास विभाग आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांनी गावठाणाची ड्रोन मोजणी करून पाहिली. पुढे 24 एप्रिल 2020 रोजी केंद्राने याच कामासाठी ‘स्वामित्व’ योजना सुरू केली. त्याच वर्षी 11 ऑक्टोबरला सहा राज्यांतल्या 763 गावांमध्ये पहिल्या मिळकत पत्रिका जाहीर झाल्या, त्यांत महाराष्ट्रातली 100 गावं होती. बाकीच्या राज्यांत छापील पत्रिका एका दिवसात हाती पडणार होत्या. महाराष्ट्रात महिनाभर लागेल असं सांगितलं गेलं, कारण इथे पत्रिकेसाठी थोडं शुल्क भरायची पद्धत आहे. ड्रोन वीस मिनिटांत गाव टिपतो, चलनाची पावती फाडायला महिना. आपला देश दोन्ही वेगांनी चालतो.

यंत्राचं कौतुक मात्र मोकळ्या मनाने करायला हवं. ड्रोनच्या पोटाखालच्या कॅमेऱ्यातली चिप ही मोबाइलमधल्या चिपची सख्खी बहीण. 1969 मध्ये बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी प्रकाशाचं विद्युतभारात रूपांतर करून तो ओळीने मोजणारी सीसीडी चिप कल्पिली, त्याबद्दल 2009 चं नोबेल मिळालं. नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत एरिक फॉसम यांच्या गटाने सीमॉस संवेदक विकसित केला. त्यात प्रत्येक ठिपक्याजवळच त्याचा स्वतःचा प्रवर्धक असतो, वीज कमी लागते, आणि संगणकाच्या चिपा जिथे बनतात त्याच कारखान्यांत तो बनवता येतो. हा शेवटचा मुद्दा निर्णायक ठरला. कॅमेरा हे भिंगांचं यंत्र होतं, ते सिलिकॉनचं झालं आणि त्याचा भाव कोसळला.

दुसरी करामत स्थाननिश्चितीची. मोबाइलवर नकाशा उघडला की निळा ठिपका कधी आपल्या अंगणात, कधी शेजाऱ्याच्या गोठ्यात असतो. काही मीटरची चूक तिथे चालून जाते, जागेच्या मोजणीत त्यावरून डोकी फुटतात. म्हणून सर्वेक्षणाचं यंत्र उपग्रहाच्या संदेशाचा मजकूर वाचून थांबत नाही, ते त्या लहरीचीच कला (फेज) मोजतं. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी सुमारे 19 सेंटीमीटर आहे. तिचा कितवा भाग आपल्यापर्यंत पोचला हे कळलं की अचूकता सेंटीमीटरात येते. वाटेत वातावरणाने केलेली चूक काढायला जमिनीवर एक पक्कं केंद्र लागतं, ज्याचा पत्ता आधीच बिनचूक ठाऊक आहे. त्या केंद्राला उपग्रह आज किती चुकीचं सांगतोय ते कळतं, आणि तेवढीच वजाबाकी शेतातल्या यंत्राने करायची. भारतीय सर्वेक्षण विभागाने अशी कायम चालणारी केंद्रं राज्यभर बसवली आहेत. भूकरमापक हातात जो रोव्हर घेऊन बांधावर उभा राहतो, तो त्यांच्याशीच बोलत असतो. आता ड्रोन घराचा तोच कोपरा अनेक फोटोंत वेगवेगळ्या कोनांतून टिपतो, संगणक ते फोटो जुळवतो, आणि उंचीसकट नकाशा तयार होतो. शंकू-साखळी घेऊन आठवडाभर चालणारं काम एका सकाळीत होतं. या कामाला लागणारे ड्रोन आपल्याकडेच बनतात. ‘थ्री इडियट्स’मध्ये जो चार पंखांचा ड्रोन उडाला तो आयआयटी मुंबईच्या मुलांनी काढलेल्या आयडियाफोर्ज या कंपनीचा होता, आणि ती कंपनी आता नवी मुंबईतून सर्वेक्षणाचे ड्रोन विकते.

तर यंत्र उत्तम आहे. अडचण पावसाची आहे.

भोर-वेल्ह्याच्या पट्ट्यात, विशेषतः सह्याद्रीच्या कुशीत, घराचं छप्पर भिंतीबरोबर संपत नाही. भिंतीवर झड येऊ नये म्हणून ते दोन-अडीच फूट पुढे येतं. या पुढे आलेल्या भागाला वळचण म्हणतात, आणि तिच्यावरून ज्या धारा लागतात त्या पागोळ्या. घर दगडी जोत्यावर उभं असतं, हद्द जोत्यावरून किंवा भिंतीवरून ठरते, आणि ड्रोनला दिसते ती वळचण. आता साधा हिशेब. भिंतीच्या बाहेरून 30 फूट बाय 40 फूट घर घेतलं तर 1200 चौरस फूट. चारी बाजूंनी अडीच फूट वळचण धरली की छपराचं माप 35 बाय 45, म्हणजे 1575. फरक 375 चौरस फुटांचा, गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्तच. जे यंत्र दोन-चार सेंटीमीटरची चूक होऊ देत नाही, त्याच्या चित्रात अडीच फुटांचा गोंधळ बसलेला आहे, आणि त्यात यंत्राचा काडीचाही दोष नाही. त्याने छप्पर अचूक मोजलं. प्रश्न जोत्याचा होता.

दोन घरांमधल्या बोळात तर मजाच असते. इकडची वळचण आणि तिकडची वळचण वरून एकमेकींना भिडलेल्या. चित्रात बोळ नाहीच. पण पिढ्यान्‌पिढ्या त्या बोळातून परसदारी जाण्याची वाट आहे, म्हशीची दावण आहे, आणि कोणाच्या पागोळ्या कोणाच्या भिंतीत मुरतात यावरून तीस वर्षं बंद असलेलं बोलणं आहे. सामाईक भिंत असेल तर ती निम्मी कोणाची, हे कुठल्याही तरंगलांबीला कळत नाही. एका पत्र्याखाली तीन भावांच्या तीन चुली असतात. वरून ते एक घर.

योजना आखणाऱ्यांना हे ठाऊक होतं, म्हणूनच फक्की आहे. नकाशा तयार झाल्यावर तो घेऊन पुन्हा गल्लीत उतरायचं, जागेवर ताडून पाहायचं, चौकशी करायची, हरकती ऐकायच्या, आणि मगच सनद द्यायची अशी रीत आहे. ड्रोनच्या आधी माणसं आणि ड्रोननंतर माणसं. स्वामित्व योजनेचं मोठेपण तिच्या कॅमेऱ्यात शोधायला नको, ते या दोन पायऱ्यांत आहे. आणि धोकाही तिथेच आहे, कारण घाई झाली की आधी कापल्या जातात त्या याच पायऱ्या. उड्डाणाचे आकडे मंत्रालयाच्या तक्त्यात दिसतात. बोळात उभं राहून ऐकून घेतलेल्या भांडणांचा तक्ता नसतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो पोकळ नाही. माणसावर सोडलं म्हणून तर आजवर घोळ झाले, असं लोक म्हणतात. टेप ओढून धरणारा हात कोणाचा, चहा कोणाकडे झाला, पुढारी कोणाचा पाहुणा, यावर फूटभर इकडेतिकडे झाल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत. यंत्राला भावकी नाही. एकट्या विधवेचं घर आणि सरपंचाचा वाडा ते एकाच उंचीवरून बघतं. हे खरंच आहे, आणि ज्याच्या बाजूने बोलायला गावात कोणी नाही त्याला या निर्विकार नजरेचा आधार वाटला तर नवल नाही. पण निर्विकार नजर आकार देते, नाव देत नाही. त्या घरावर विधवेचं नाव लागणार की दिराचं, हे चौकशीतच ठरतं, आणि तिथे टेबलाच्या पलीकडे माणूसच बसलेला असतो. यंत्राने पक्षपात एका खोलीतून काढला, तो दुसऱ्या खोलीत जाऊन बसला. निदान त्या खोलीचं दार उघडं राहावं, एवढी मागणी रास्त आहे.

यंत्राच्या आकड्यावर किती विसंबायचं, यासाठी शास्त्रज्ञ स्वतःच्या उपकरणाशी कसे वागतात ते पाहण्यासारखं आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने आदित्य-एल1 यानासाठी ‘सूट’ ही दुर्बीण बनवली. 2 सप्टेंबर 2023 ला ती निघाली, पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरवरून 11 गाळण्यांतून सूर्याची अतिनील छायाचित्रं घेते. यातला बराचसा अतिनील प्रकाश ओझोनच्या थरात अडतो, त्यामुळे जमिनीवरून तो दिसण्याचा प्रश्नच नव्हता. अशी दुर्बीण जे चित्र पाठवते ते कोणी जसंच्या तसं खरं मानत नाही. चिप अंधारातही थोडा खोटा प्रकाश दाखवते, तो वजा करावा लागतो. प्रत्येक ठिपक्याची जाण सारखी नसते, ती सारखी करावी लागते. मगच मोजमाप, आणि मोजमापाशेजारी अधिक-उणे चिन्ह टाकून चुकीची मर्यादा. अधिक-उणे नसलेला आकडा खगोलशास्त्रज्ञ पुऱ्या भरवशाने हातात धरत नाही.

मिळकत पत्रिकेवर चौरस मीटर दशांशासह येतात. अधिक-उणे येत नाही.

गावठाणाबाहेर, शेतातल्या ई-पीक पाहणीत डोळा थेट शेतकऱ्याच्या हातात दिला गेला, हे या सगळ्यांत वेगळं पाऊल. सातबाऱ्यातल्या बाराव्या नमुन्यात पीक लिहिणं हे तलाठ्याचं काम होतं. एका तलाठ्याकडे अनेक गावं, तेव्हा तो गटागटावर जाऊन पीक बघत होता असं मानणं भाबडेपणाचं होतं. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून मोबाइलने फोटो काढायचा आणि नोंद करायची, अशी पद्धत आली. फोटोबरोबर अक्षांश-रेखांश जातात. इथे फक्की मारणारा आणि फोटो काढणारा एकच. तत्त्व म्हणून याहून चांगली व्यवस्था सुचवणं अवघड आहे. व्यवहारात खाचर डोंगराच्या पोटात, रेंज टेकडीच्या माथ्यावर, मोबाइल पोराकडे आणि पोरगं पुण्यात. भाताची लावणी गुडघाभर चिखलात चालू असताना हातातला फोन सांभाळायचा की आवण, हा प्रश्न अॅप बनवणाऱ्यांनी कधी पाण्यात उभं राहून विचारलेला दिसत नाही. तरीही नोंद चुकली तर चूक कोणाची ते माहीत असतं, आणि ती दुरुस्त करायला जायचं कुठे तेही.

महामार्गावर यातलं काहीच नाही. फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. टोलनाक्यावरच्या यंत्राने फेकलेल्या रेडिओलहरींतूनच त्या चिपला क्षणभर वीज मिळते आणि ती आपला क्रमांक सांगून गप्प होते. कल्पना सुरेख आहे. पण वाचला जातो तो टॅग. गाडीत रोज दूध घेऊन जाणारा शेजारच्या गावचा माणूस आहे की बंगळूरला निघालेला व्यापारी, हे टॅगला सांगता येत नाही. स्थानिकांच्या टोलमाफीवरून खेड शिवापूरला आंदोलनं झाली त्याचं मूळ इथेच आहे: यंत्राला रहिवास कळत नाही, तो आधार कार्ड दाखवून माणसाला पटवावा लागतो. रांगा कमी झाल्या, हेही तितकंच खरं.

पुण्याकडे परतताना उतारावर तीच गोष्ट. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा तीव्र उतार पुणेकरांना अपघातांमुळे पाठ झाला आहे. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री एका ट्रकने तिथे अनेक वाहनांचा चुराडा केला. कॅमेरा वेग मोजतो. गाडी गिअरमध्ये आहे की डिझेल वाचवायला चालकाने ती न्यूट्रलमध्ये सोडली आहे, ते त्याला दिसत नाही. रस्त्याचा उतार दिसत नाही, मालकाने ठरवून दिलेलं डिझेल दिसत नाही. दंडाची पावती गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्या मोबाइलवर जाते, कारण वाचता आली ती नंबरप्लेट. म्हणून कॅमेरे काढा असं कोणी शहाणा म्हणणार नाही. पण दंडाच्या रकमेवरून रस्ता सुधारला असं मानणं म्हणजे वळचण मोजून घर मोजल्याचं समाधान मानणं.

आणि डोंगर. 30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, 151 माणसं गेली. बाहेरच्या जगाला ते पहिल्यांदा कळलं एसटीच्या चालकामुळे. रोजच्या वाटेवर त्याला गाव दिसलं नाही. बरोबर अकरा वर्षांनी, 30 जुलै 2025 ला, श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ उपग्रह निघाला. इस्रो आणि नासाचा हा उपग्रह 12 मीटर व्यासाच्या अँटेनातून रडारच्या लहरी सोडतो. जून ते सप्टेंबर सह्याद्रीवर ढगांचं झाकण असतं तेव्हा साधे कॅमेरे आंधळे होतात, रडारला ढग आडवे येत नाहीत. दर 12 दिवसांनी तो त्याच जागेवर येतो, आणि दोन फेऱ्यांतल्या लहरींची तुलना केली की उतार सेंटीमीटर दोन सेंटीमीटर सरकला असला तरी कळू शकतं. संथ सरकणाऱ्या डोंगरासाठी हे वरदान आहे. पण एका रात्रीच्या मुसळधार पावसात सुटणारी दरड 12 दिवस थांबत नाही. जुलै 2023 मध्ये इर्शाळवाडी दरडीखाली गेली, ती दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. उपग्रह नवा आला तरी यादी कोण करतो, वाडीतल्या माणसाने ‘वरच्या अंगाला भेग पडलीय’ म्हटलेलं कोण लिहून घेतो, आणि मध्यरात्री फोन कोणाला करायचा, हे प्रश्न जमिनीवरच राहतात. भोर-वेल्ह्याच्या डोंगरपायथ्याच्या वाड्यांमध्ये गुराख्याला माहीत असलेली भेग उपग्रहाच्या नकाशावर टाकण्याची सोय झाली, तर ती खरी फक्की.

गावठाणापुरतं बोलायचं तर भूमी अभिलेख खात्याला पुढच्या गोष्टी अवघड जाऊ नयेत. मिळकत पत्रिकेवर क्षेत्रफळाशेजारी अधिक-उणेचा एक रकाना छापावा. माप छपरावरून घेतलं की जोत्यावरून, तेही एका शब्दात लिहावं. हरकत कोणाकडे आणि किती दिवसांत घ्यायची, ते पत्रिकेच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात यावं. आणि ज्यांच्या गावात मोजणी व्हायची आहे त्यांनी उड्डाणाची दवंडी पिटली की पुण्या-मुंबईच्या भावाला फोन करून बोलावून घ्यावं, टेप घेऊन जोतं आणि वळचण दोन्ही मोजून कागदावर मांडावं, आणि त्या दिवशी काहीही झालं तरी घरी थांबावं. ड्रोन बघायला गच्चीवर गेलं नाही तरी चालेल. फक्की पडते तेव्हा मात्र बोळात हजर असावं.